अकोल्याचं ऊन आणि फिनिक्सची रात्र

अकोल्यात वाढलेल्या मुलीला उन्हाचं काय कौतुक, हे मला दर मे महिन्यात माहेरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ऐकावं लागतं. कालही काकांनी तिथला ४५ अंशांचा आकडा टाकला आणि खाली लिहिलं, "आम्ही कूलरवर राहतो. तुम्ही चोवीस तास एसीत." ते मला लागलं. उत्तर दोन ओळींत मावणारं नव्हतं, म्हणून इथे लिहिते.

आम्ही ओहायोहून अ‍ॅरिझोनात आलो ते २०२३ च्या जूनअखेर. नवऱ्याला चँडलरमध्ये चिप कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही फिनिक्सच्या दक्षिण टोकाला, आवाटुकी भागात, साउथ माउंटनच्या पायथ्याशी भाड्याने घर घेतलं. त्या वर्षी ३० जून ते ३० जुलै, सलग ३१ दिवस, पारा रोज ११० फॅरेनहाइटला किंवा त्याच्यावर गेला. म्हणजे ४३ सेल्सिअसच्या वर. त्याआधीचा विक्रम १९७४ मधला, सलग १८ दिवसांचा होता.

दिवसाच्या आकड्यांत अकोला कमी नाही, हे मी कुणाहीपुढे छाती ठोकून सांगेन. तोंडाला दुपट्टा, खिशात कांदा, घरात पन्ह्याचा तांब्या, दुपारी बारा ते चार दारं बंद. हे शहाणपण आम्हाला कोणत्याही महापालिकेने शिकवलेलं नाही. ओहायोतून आलेली अमेरिकन माणसं भर दुपारी डोंगर चढायला निघतात, तेव्हा मला त्यांची काळजी वाटते. शेवटी पालिकेलाच कॅमलबॅक माउंटनसारख्या डोंगरांच्या वाटा अतिउष्णतेच्या इशाऱ्याच्या दिवशी बंद ठेवाव्या लागतात.

पण काका, रात्रीचं काय? अकोल्यात मे महिन्यात गच्चीवर पाणी मारायचं, गाद्या टाकायच्या, आणि पहाटे अंगावर चादर ओढायची. कितीही तापलं तरी पहाट आपली असते. इथे १९ जुलै २०२३ ला रात्रीचं किमान तापमान ९७ फॅरेनहाइट होतं. सेल्सिअसमध्ये ३६. हे किमान. त्या महिन्यात सलग १६ दिवस पारा ९० फॅरेनहाइटच्या, म्हणजे ३२ सेल्सिअसच्या खाली आलाच नाही. डांबर, काँक्रीट आणि घरांभोवतीच्या ब्लॉकच्या भिंती दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर ते सोडत राहतात. पहाटे चार वाजता अंगणात उभं राहिलं तर कुंपणाच्या भिंतीची धग गालाला लागते. गार पाण्याचा नळ सोडला तर त्यातून गरम पाणी येतं. अशा घरात एसी लावणं म्हणजे चैन नव्हे, आणि तो लावल्याबद्दल मला कुणाची माफी मागायची नाही.

कूलरबद्दलही सांगते. कूलर आपल्याला जेवढा माहीत आहे तेवढाच या शहरालाही माहीत आहे. एसी घरोघरी येण्याआधी इथली माणसं ओल्या चादरी टांगून व्हरांड्यात झोपायची, आणि १९३० च्या दशकात इथे कूलर पसरला. जुन्या घरांच्या छपरांवर तो अजून दिसतो. वाळ्याचा वास मात्र त्याला नाही. जूनच्या कोरड्या हवेत तो छान चालतो, आणि जुलैत दक्षिणेकडून दमट वारे आले की आपल्यासारखाच हात टेकतो. २००८ च्या आधी इथलं हवामान खातं पावसाळा सुरू झाला हे दवबिंदूवरून, म्हणजे हवेतल्या ओलाव्याचं दव होऊ लागतं त्या तापमानावरून, ठरवायचं. सलग तीन दिवस सरासरी दवबिंदू ५५ फॅरेनहाइट किंवा त्याच्यावर असला की पावसाळा. आता सरळ १५ जून ते ३० सप्टेंबर अशा तारखा ठरवल्या आहेत. आमची आई "कूलर चिकचिक करायला लागला" एवढ्यावरून तेच सांगते आणि तिचं फारसं चुकत नाही.

रात्र थंड होत नाही याचा दुसरा अर्थ मला इथे आल्यावर कळला. माणसं उन्हाळ्यात रात्री बाहेर पडतात, आणि विंचूही रात्रीच बाहेर पडतात.

आमच्या दारात चपलांची रांग असायची. ती प्रत्येक मराठी दारात असते. शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात, सत्तरीच्या असतील. आम्ही आल्यानंतर थोड्याच दिवसांत एका संध्याकाळी त्या आल्या आणि म्हणाल्या, चपला आत घ्या. मला राग आला. आमच्या घरात चपला आत आणत नाहीत, आणि परक्या बाईने दारात उभं राहून आमची रीत बदलायला सांगावी हे मला आवडलं नाही. मी तसं नम्रपणे सांगितलंही. त्यांनी वाद घातला नाही. अंधार पडल्यावर परत आल्या, हातात जांभळ्या उजेडाची टॉर्च आणि लांब चिमटा. माझी कोल्हापुरी चिमट्याने उलटी केली, टॉर्च धरली, आणि तळव्याला चिकटलेला विंचू हिरवट-निळा उजळला. जमिनीवर नव्हे, चपलेच्या तळाला, उलटा लटकलेला.

हा अ‍ॅरिझोना बार्क स्कॉर्पियन. दोन-तीन इंच लांब, फिकट मातकट रंगाचा, बारीक नांगीचा. आपल्याकडचा विंचू दगडाखाली, गोवऱ्यांत, लाकडाच्या ढिगात सापडतो. हा भिंत चढतो, छताला जातो आणि उलटं लटकणं त्याला आवडतं. म्हणून इथे दगडाखाली बोटं घालून तो उचलायचा नाही, विंचू दगडाच्या खालच्या बाजूलाच चिकटलेला असू शकतो. जांभळ्या उजेडात सगळेच विंचू चमकतात, पण मी ते कधी पाहिलं नव्हतं. बाईंनी मला त्या रात्री सगळं अंगण फिरवून दाखवलं. कुंपणाची भिंत पोकळ सिमेंट ब्लॉकची आहे, दिवसा ते त्या पोकळीत राहतात. ताडाच्या झाडाची वाळलेली झापं काढली नाहीत तर त्यांत राहतात. शोभेसाठी पसरलेल्या गोट्यांखाली राहतात. एका कोपऱ्यात एक मादी होती आणि तिच्या पाठीवर पांढुरक्या पिल्लांचा थर. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर हे लहानपणापासून ऐकलं होतं, डोळ्यांनी तिथे पाहिलं.

टॉर्च त्यांनी मला ठेवायला दिली. "माझ्याकडे दुसरी आहे," म्हणाल्या. नंतर कळलं की गल्लीत नवीन आलेल्या प्रत्येक घरी त्या अशी एक टॉर्च देतात. अमेरिकेत शेजारी एकमेकांना ओळखत नाहीत असं लिहिणाऱ्यांनी एकदा आमच्या गल्लीत यावं.

चपलांची रीत आम्ही सोडली नाही. दाराच्या आत लगेच झाकणाचा प्लास्टिकचा डबा ठेवला आहे, चपला त्यात जातात, आणि घालण्याआधी झटकल्या जातात. घरात मात्र आता सगळे रात्री सपाता घालतात. सासूबाईंना ते पटलं नव्हतं. देवघराच्या दाराशी त्या सपाता काढतात आणि आधी टॉर्च मारून जमीन बघतात. ही तडजोड त्यांची त्यांनी शोधली.

पेस्ट कंट्रोलवाला महिन्यातून एकदा फवारणी करतो. त्याने पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं की औषधाचा विंचवावर फारसा परिणाम होत नाही. औषध मारतं ते रातकिडे आणि झुरळं, म्हणजे विंचवाचं जेवण. जेवण नसेल तर तो दुसरीकडे जातो. बाकीचं काम फटी बुजवण्याचं, आणि ते आपलं आपणच करायचं. बँकेच्या कार्डाच्या जाडीएवढी फट त्याला पुरते. आम्ही दारांच्या खाली ब्रशच्या पट्ट्या लावल्या, एसीचा पाइप भिंतीत शिरतो तिथे सिलिकॉन भरलं, सिंकखालची भोकं बुजवली, न्हाणीघराच्या पंख्याला बारीक जाळी लावली. उन्हाळ्यात सगळं आकसतं-फुगतं, सिलिकॉन तडकतं, म्हणून दर वर्षी जूनच्या आधी पुन्हा.

झुरळांचं कोडं वेगळंच होतं. घर स्वच्छ, ओटा कोरडा, तरी पाहुण्यांच्या न्हाणीघरात अंगठ्याएवढी झुरळं. प्लंबरने सांगितलं ते मला इतकं साधं वाटलं की मी सगळ्यांना सांगत असते. नहाणी ट्रॅपमध्ये जे पाणी साठून राहतं तेच गटार आणि घर यांच्यातलं दार. इथली हवा इतकी कोरडी, की ते न्हाणीघर थोडे दिवस वापरलं नाही तर ट्रॅपमधलं पाणी उडून जातं आणि गटारातली झुरळं सरळ वर येतात. आता दर रविवारी तिथल्या प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी. फवारणीने जे झालं नव्हतं ते त्या तांब्याने झालं.

एवढं करूनही गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये नवऱ्याला विंचू चावला. न्हाणीघरातल्या टॉवेलच्या घडीत होता. हाताला आग, मग कोपरापर्यंत मुंग्या आणि बधिरपणा. विषबाधा सल्ला केंद्राला फोन लावला. पलीकडच्या नर्सने शांतपणे वय विचारलं, श्वास, डोळे, गिळता येतं का ते विचारलं, थंड पट्टी ठेवायला सांगितली. आणि नंतर रात्रभर ती स्वतः फोन करून विचारत राहिली. पैसे नाहीत, विम्याचा नंबर नाही. मोठ्या धडधाकट माणसाला बहुतेक वेळा एवढंच पुरतं. लहान मुलांचं तसं नाही. त्यांचे डोळे गरगरतात, हातपाय झटके देतात, श्वास अडकतो. त्यांच्यासाठी अ‍ॅनास्कॉर्प नावाचं प्रतिविष आहे, मेक्सिकोत तयार झालेलं, अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळालेलं.

दुसऱ्या दिवशी बाबांना सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "तिथे प्राझोसिन देतात का?" विंचू म्हटला की आमच्या घरात महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव निघतं. कोकणातल्या लाल विंचवाचं विष हृदयावर जातं, धडधाकट माणूस फुफ्फुसात पाणी होऊन जायचा. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्णांच्या उशाशी बसून या माणसाने ते समजून घेतलं, प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीने जीव वाचतात हे दाखवलं आणि 'लॅन्सेट'मध्ये छापून आणलं. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. इथला विंचू वेगळा, त्याचं विष नसांवर जातं, उपचारही वेगळे. पण मी ती सगळी हकिकत शेजारच्या बाईंना सांगितली. विंचवाच्या बाबतीत आम्ही इथे फक्त शिकायला आलेलो नाही, हे त्यांना कळायला हवं होतं. त्यांनी नाव लिहून घेतलं.

आता नियमांबद्दल, कारण काकांना एसी म्हणजे चैन वाटते. २०२३ च्या त्याच जुलैत आमचा एसी बंद पडला. छपरावरच्या यंत्राचा कपॅसिटर उडाला होता, उन्हाळ्यात तो उडतोच म्हणतात. घरात संध्याकाळपर्यंत ९५ फॅरेनहाइट झालं. घरमालकाने आधी चालढकल केली. मग मी त्यांना पालिकेचा नियम पाठवला. फिनिक्समध्ये भाड्याच्या घरात एसी असेल तर घर ८२ फॅरेनहाइटपर्यंत, म्हणजे साधारण २८ सेल्सिअसपर्यंत थंड झालंच पाहिजे, आणि कूलर असेल तर ८६ पर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस शिडी घेऊन हजर. पाणी देणं जसं घरमालकाचं काम, तसं थंडावा देणं, असं लिहून ठेवलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. वीज कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या कॉर्पोरेशन कमिशनचाही नियम आहे. त्यांच्या अखत्यारीतल्या वीज कंपन्यांना १ जून ते १५ ऑक्टोबर, किंवा पारा ९५ फॅरेनहाइटच्या वर जाणार असेल तेव्हा, थकबाकीसाठी घराची वीज तोडता येत नाही.

हे वाचून मला भारनियमनाचे उन्हाळे आठवले. दहावीच्या वर्षी मेणबत्ती, पुठ्ठ्याचा वारा, आणि वीज कधी येणार हे कुणालाच माहीत नाही. थकबाकी कुणाची आणि घाम कुणाचा, असं होतं ते. विदर्भात उन्हाळ्यापुरता तरी असा नियम व्हावा असं मला मनापासून वाटतं.

पण इथलं सगळं गोड आहे असंही नाही. २०२३ मध्ये मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे फिनिक्स ज्यात येतं त्या जिल्ह्यात, उन्हाने ६४५ माणसं गेली. बरीचशी बेघर, रस्त्यावरची. काही घरातच गेली, एसी बिघडलेला किंवा बंद ठेवलेला. इतका पैसा, इतके नियम, आणि तरी. आमच्याकडे उन्हात कुणी दारात आलं तर आधी पाणी पुढे येतं, मग नाव विचारतात. इथे ते काम पालिकेने उघडलेली थंडाव्याची केंद्रं आणि वाचनालयं करतात. आमच्या गल्लीत आम्ही कुरिअरवाल्यांसाठी दाराशी बर्फाच्या पेटीत पाण्याच्या बाटल्या ठेवतो. ती पद्धत आधीपासून काही घरांत होती, पण ताकाचे पेले फक्त आमच्याकडे मिळतात.

पुण्याहून एक जोडपं पुढच्या महिन्यात इथे येतंय, बाळ सहा महिन्यांचं. त्यांनी विचारलं म्हणून सांगितलंय. घर बघायला अंधार पडल्यावर जा, टॉर्च घेऊन. पाळणा भिंतीपासून हातभर दूर ठेवा, चादर जमिनीला टेकू देऊ नका. आणि पाळण्याचा प्रत्येक पाय काचेच्या बरणीत उभा करा. आजी मुंग्यांसाठी फडताळाच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची तसंच, फक्त पाणी नको. काच गुळगुळीत असते, विंचवाला ती चढता येत नाही. बरण्या कोरड्या ठेवा आणि आठवड्यातून एकदा धूळ पुसा, म्हणजे त्याला पाय रोवायला काही मिळणार नाही.