युकॉन नदी कनूने: व्हाइटहॉर्स ते डॉसन

कॅनडातला हा टप्पा सुमारे 700 किलोमीटरचा. वाटेत कारमॅक्स हे गाव सोडलं तर दुकान नाही. शिधा आणि सॅटेलाइटवर चालणारं संपर्कयंत्र व्हाइटहॉर्सलाच घ्यावं. अस्वलांसाठीचा मिरचीचा फवारा विमानात नेता येत नाही, तोही तिथेच मिळतो.

सगळे विचारतात ते फाइव्ह फिंगर रॅपिड्सबद्दल, म्हणजे खडकांमधून पाणी उसळत वाहतं त्या जागेबद्दल. माझ्या मते खरी धास्ती बाळगावी ती लबार्ज तलावाची. लांबी साधारण 50 किलोमीटर, दोन्ही बाजूंना डोंगर. वारा सुटला की बघता बघता लाटा उठतात, आणि पाणी इतकं गार की होडी उलटली तर बोटं लगेच बधिर होतात. म्हणून उजवा, म्हणजे पूर्वेचा काठ सोडायचा नाही. जूनमध्ये रात्री अकरालाही उजेड असतो. आम्ही पहाटे आणि संध्याकाळी वल्हवायचो, दुपारी काठावर थांबायचो.

तलावानंतर नदीचा ‘थर्टी माइल’ नावाचा पट्टा. पाणी नितळ, तळाचे गोटे दिसतात, पण ओढ जबरदस्त. वळणाच्या बाहेरच्या अंगाला धार काठ पोखरते आणि स्प्रूसची (सूचिपर्णी) झाडं पाण्यावर आडवी होतात. पाणी फांद्यांतून निघून जातं, होडी मात्र अडकून उलटते. वळण दिसताच आतल्या बाजूला सरकावं. फाइव्ह फिंगरला चार खडकांमुळे पाच वाटा होतात, त्यातली अगदी उजवीकडची घ्यायची. वल्हवणं थांबवायचं नाही. पुढच्या रिंक रॅपिड्सलाही उजवीकडूनच.

ढासळलेल्या काठांत वरच्या मातीखाली एक पांढरा पट्टा दिसतो. तो नक्की जवळून पाहा. सुमारे 1,200 वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीची ती राख. चिमटीत घेतली की भुरभुरते, बोटांना खरखर लागते.

व्हाइट नदी मिळाली की सगळं पाणी राखाडी होतं. हिमनद्यांनी दळलेला खडक त्यात तरंगत असतो आणि होडीच्या तळाशी अखंड सळसळ ऐकू येते. फिल्टर इथेच तुंबतात. पाणी बादलीत रात्रभर निवळू द्यावं किंवा बाजूच्या ओढ्याचं घ्यावं, पण उकळूनच.

मुक्कामाला बेटाचं रेताड टोक उत्तम, वाऱ्यामुळे डास कमी. मात्र पाणी रात्रीतून चढतं. काठाशी काठी रोवून पातळी बघत राहावी आणि होडी उंचावर ओढून झाडाला बांधावी. अस्वलांमुळे स्वयंपाक तंबूपासून शंभरेक मीटर लांब.

डॉसन उजव्या काठावर, क्लोंडाइक नदी येऊन मिळते त्यानंतर लगेच. उजवा काठ बराच आधी धरावा. गाव एकदा मागे पडलं की त्या धारेविरुद्ध वल्हवत परतणं फार अवघड.