बहात्तर स्पोक आणि अकरा आठवडे

सोमवार म्हटलं की माझ्या कपाळाला अजून आठी पडते. २७ फेब्रुवारी २०२३, सोमवार. आमच्या आरएक्स १०० मोटारसायकलसाठी नव्या मापाचे बहात्तर स्पोक, म्हणजे चाकाच्या तारा, करायला टाकले आणि दुकानदार म्हणाला, “पुढच्या सोमवारी या की.” चाकं फिरली ती १५ मेला, तोही सोमवारच. मधल्या काळात गाडी पोर्चमध्ये विटांवर उभी होती. आईनं तिच्यावर जुनी साडी टाकून आधी पापड वाळवले, मग सांडगे, मग कुरडया. चाकं आली तेव्हा म्हणाली, “आता शेवया कुठं घालू?”

गाडी अण्णांची, १९९४ ची. यामाहाची आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ ते १९९६ एवढीच बनली. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, अकरा बीएचपी, वजन शंभर किलोच्या जरा वर. कोल्हापुरात ही गाडी अजून कुठल्याही नव्या गाडीपेक्षा जास्त माना वळवते, ते वेगळं सांगायला नको. अण्णांचा गुडघा गेल्यावर गाडी माझ्याकडे आली. त्यांची उंची पाच फूट आठ इंच, माझी चार फूट अकरा. दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला दोन्ही पायांचे चवडे टेकवून उभं राहायचं आणि मागून एसटी आली की देवाचं नाव घ्यायचं, असं वर्षभर केलं. शिवाय जुन्या रिंगा गंजून स्पोकच्या भोकांपाशी पापुद्रे सुटत होते. म्हटलं, एकदाच काय ते करू. मागून गाडी खाली आणू आणि अठरा इंची चाकांच्या जागी सतरा इंची अॅल्युमिनियमच्या रिंगा घालू. चाक एक इंचानं लहान, म्हणजे गाडी एक इंच खाली.

मी नववीला गणित शिकवते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

रिंगा एका दिवसात मिळाल्या. पुढं १.६० इंच रुंदीची, मागं १.८५ ची, दोन्ही ३६ भोकांच्या. घेताना एवढंच बघा की भोकांचा तिरकेपणा ड्रम ब्रेकच्या मोठ्या हबसाठी (हब म्हणजे चाकाचा मधला गाभा) आहे की डिस्क ब्रेकच्या लहान हबसाठी. चुकीची रिंग घेतली तर स्पोक निपलपाशी, म्हणजे रिंगेच्या भोकातल्या नटापाशी, वाकून बसतो आणि तिथंच तुटतो. टायर २.७५-१७ आणि ३.००-१७ (आधी टायरची जाडी, मग रिंगेचा व्यास, इंचांत), रोजच्या साध्या गाड्यांचेच, कुठंही मिळतात. राहिले स्पोक. आरएक्सचे तयार स्पोक अठरा इंचीसाठी असतात, सतरासाठी करून घ्यावे लागतात. गावात हे काम करणारं एक दुकान सगळ्यांनी सुचवलं. नाव लिहीत नाही, कारण माणूस वाईट नव्हता. फक्त त्याचा सोमवार वाईट होता.

जुन्या चाकांतले चार स्पोक नमुन्याला दिले. दुकानदारानं ते न बघताच टेबलाच्या खणात टाकले आणि विचारलं, “मिस्टरांना पाठवा की मॅडम. त्यांना माप नीट समजावतो.”

“मिस्टर नाहीत,” मी म्हटलं, “मापपट्टी आहे.”

ती पर्समधून काढूनही दाखवली. त्यानं हसून पावती फाडली. पावतीवर लिहिलं होतं: आरेक्स, १७, ७२ नग. माप नाही, जाडी नाही, काही नाही. तिथंच थांबवून माप लिहून घ्यायला हवं होतं. मी थांबवलं नाही, कारण अकराची शाळा होती.

पहिला लॉट तीन सोमवारांनी, पाडव्याच्या दोन दिवस आधी मिळाला. पाडव्याला गाडीची पूजा करायची म्हणून मी हारही सांगून ठेवला होता. आमचे गॅरेजवाले मामा हबमध्ये स्पोक ओवून रिंग वर धरायला लागले, तर एकही टोक निपलपर्यंत पोचेना. बोटाच्या पेराएवढं अंतर राहिलं. मामांनी रिंग फिरवून बघितली, उलटी करून बघितली, मग माझ्याकडं बघितलं. जुन्या स्पोकशी लावून मोजलं. नवा बरोबर एक इंच आखूड.

दुकानदाराला कारण विचारलं तर त्याला प्रश्नच कळेना. “अठराचं सतरा केलं न्हवं? मग इंच कमी केला.”

रिंगेचा आकडा म्हणजे व्यास. स्पोक हबपासून रिंगेपर्यंत जातो, म्हणजे तो त्रिज्येच्या बाजूचा. व्यास इंचानं घटला तर स्पोक अर्ध्या इंचानं घटतो, १२.७ मिलिमीटर. त्यात माझ्या अॅल्युमिनियमच्या रिंगेत निपल बसायची जागा पत्र्याच्या रिंगेपेक्षा हबच्या जरा जवळ, म्हणून अजून दीडेक मिलिमीटर कमी. म्हणजे १४ च्या आसपास. त्यानं २५ कमी केले होते. हे सगळं मी त्याच्या काउंटरवर, त्याच्याच पावतीच्या पाठीमागं वर्तुळ काढून समजावलं. आवाज जरा चढलाच असावा, कारण आत तारा कापणारी दोन पोरं काम थांबवून ऐकत होती. त्यातल्या एकाला पटकन कळलं. मालकाला कळायला चहा यावा लागला.

आणि मग घरी येताना, रिक्षात, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चाक एक इंचानं लहान म्हणून गाडी एक इंच खाली, हे मी तरी काय वेगळं म्हणत होते? गाडीची उंचीही त्रिज्येवरच. शिवाय जमिनीला रिंग टेकत नाही, टायर टेकतो. जुना मागचा टायर २.७५-१८, म्हणजे कागदावर बाहेरून साधारण ५९७ मिलिमीटर. नवा ३.००-१७, जाड असल्यामुळं ५८४. फरक अर्धा इंच, त्याचा निम्मा म्हणजे पाव इंच. सहा मिलिमीटर! एवढ्यासाठी मी तीन आठवडे विटांवर गाडी ठेवून बसले होते. सहा मिलिमीटर तर चपलेचा तळ झिजला तरी जातात. घरी कुणाला बोलले नाही. इथं पहिल्यांदाच लिहिते आहे.

दुसरा लॉट वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून झाले तेव्हा आला. या वेळी लांबी बरोबर. पण बहात्तरच्या बहात्तर स्पोकचा वळसा एकसारखा! स्पोकला हबपाशी जो वळसा असतो, ज्याला मामा मान म्हणतात, ती सगळ्यांची सारखी नसते. निम्म्या स्पोकची डोकी हबच्या कडेच्या आतून, निम्म्यांची बाहेरून. मागच्या चाकाचं माप पुढच्यापेक्षा वेगळं. म्हणजे प्रकार चार. यानं एकच मान सगळ्यांना दिली होती, त्यामुळं निम्मे स्पोक भोकात खुळखुळत होते. असा स्पोक घट्ट केला तर आज बसतो, महिन्यानं मानेपाशी तुटतो. “चालतंय की मॅडम, टाइट केल्यावर बसतंय,” तो म्हणाला. खणातले माझे नमुने मागितले. ते सापडले नाहीत.

तेव्हा मी जे केलं ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. चाक सोडायच्या आधी दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवले होते, ते एक बरं. जुन्या स्पोकचे चार गट करून चार पाकिटांत घातले आणि वर लिहिलं: पुढचं आतलं, पुढचं बाहेरचं, मागचं आतलं, मागचं बाहेरचं. प्रत्येकावर मानेच्या आतल्या बाजूपासून टोकापर्यंतची नवी लांबी मिलिमीटरमध्ये आणि नग अठरा. खाली त्याची सही घेतली. सही करताना तो म्हणाला, “शाळेत असल्यागत वाटतंय.” तुम्ही हे काम काढणार असाल तर बाकी सगळं विसरा, पाकिटं विसरू नका. आणि आधी एकाच चाकाचे करून घ्या, बसवून बघा, मग दुसऱ्याचे.

तिसरा लॉट मेच्या पहिल्या आठवड्यात आला. लांबी बरोबर, मान बरोबर, चकचकीत. मामांनी पहिलं निपल लावलं, चार आटे फिरलं आणि अडकलं. दुसरंही तसंच. जोर लावल्यावर एक पितळी निपल पानाच्या तोंडातच तुटलं. आटे पाडल्यावर त्यांच्यावर प्लेटिंगचा जाड थर चढवला होता, त्यामुळं आटे भरून आले होते. त्या दिवशी मी पोर्चच्या पायरीवर बसून रडायचीच बाकी होते. आईनं कुरडयांवरचा एक कावळा हाकलला आणि म्हणाली, “जुनीच बसव बाई.”

परत त्या दुकानात पाऊल ठेवायचं नाही असं ठरवून मी स्पोकचा गठ्ठा घेऊन मामांनी सांगितलेल्या एका म्हाताऱ्या सायकलवाल्या काकांकडं गेले. त्यांनी एक स्पोक डोळ्यांजवळ धरला, नखानं आटा खरवडला आणि म्हणाले, “एवढंच व्हय?” बाकावर पकड, हातात त्या मापाची आटे पाडायची डाय, तेलाचा थेंब. एक-एक स्पोकवरून डाय फिरवली, आट्यांमधून चांदीसारखा भुगा पडत गेला. बहात्तरला एक दुपार लागली. मग चाकंही त्यांनीच बांधली. आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढायला त्यांच्याकडं डायल गेज वगैरे काही नाही. चाक अॅक्सलवर फिरवायचं, हातातला खडू रिंगेजवळ स्थिर धरायचा, जिथं खडू उमटेल तिथलं निपल पाव फेरा सैल नाहीतर घट्ट. खडूची रेघ अखेर सगळ्या रिंगेवर सारखी उमटली, तेव्हा चाक थांबवून त्यांनी पानानं प्रत्येक स्पोकवर टिचकी मारली. घट्ट स्पोक टिंग वाजतो, सैल ठक. दोन ठक निघाले. शेवटी निपलच्या वर आलेली टोकं कानशीनं घासून त्यावर रबरी पट्टी चढवली, नाहीतर टोक ट्यूबमध्ये घुसतं. दोनशे किलोमीटरनंतर परत या म्हणाले. गेले, पाच स्पोक सैल निघाले. तुम्हीही जाच.

आता शॉकअप, म्हणजे मागचे धक्के झेलणारे स्प्रिंगचे दांडे. ते दोन तासांचं काम, पण त्यातल्या चुका महागात पडतात. स्प्रिंगची वेटोळी कापून गाडी खाली आणू नका. वेटोळी कमी झाली की स्प्रिंग कडक होते आणि खाली खेळ उरत नाही, प्रत्येक खड्डा मणक्यात बसतो. स्विंग आर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर, नवी पट्टी वेल्ड करून शॉकअपची जागा सरकवणारेही आहेत. मी नाही म्हटलं. फ्रेमला आणि स्विंग आर्मला वेल्डिंगची ठिणगी लावायची नाही, हे ठरवूनच सुरुवात केली होती. मी एक इंच आखूड शॉकअपची जोडी घातली. मागचं चाक तीसेक मिलिमीटरनं मडगार्डजवळ गेलं. बसवायच्या आधी शॉकअपशिवाय चाक हातानं वर उचलून टायर मडगार्डला किंवा चेनकव्हरला घासतो का ते बघा. चेनची ढील पुन्हा लावा, आणि ती लावताना गाडीवर माणूस बसलेला असू द्या. मागून खाली बसल्यामुळं पुढचं चाक धरणारा फोर्क जरा जास्त कलतो, गर्दीत हँडल आळशी वाटतं. आठवड्यात सवय होते. स्पीडोमीटर पुढच्या चाकावर चालतो, तो आता शंभराला दोन किलोमीटर जास्त दाखवतो.

स्टँडबद्दल मला कुणीच सांगितलं नव्हतं. गाडी खाली आली, साइड स्टँड तेवढाच राहिला, त्यामुळं ती जवळजवळ सरळ उभी राहते. कपिलतीर्थ मंडईबाहेर लावली, मेथीची जुडी घेऊन वळले तर गाडी उजवीकडं आडवी. आरसा गेला, टाकीला पोचा आला. अण्णांना तो पोचा अजून दाखवलेला नाही, मी त्या बाजूनं गाडी भिंतीला लावते. उद्यमनगरात एका लेथवाल्यानं दोन्ही स्टँड वीस-वीस मिलिमीटर कापून दिले. आधी मेन स्टँडवर गाडी चढवताना माझे दोन्ही पाय जमिनीवरून सुटायचे.

कागदांचं राहिलं. पंधरा वर्षांनंतरचं आरसीचं नूतनीकरण मी हे सगळं काढायच्या आधी, गाडी मूळ रूपात असताना केलं होतं, त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून घ्या. उत्पादकानं दिलेला आणि नोंदणीत असलेला तपशील बदलेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच बजावलं. म्हणून जुन्या रिंगा, स्पोक, शॉकअप सगळं तेल लावून पोत्यात बांधून माळ्यावर ठेवलंय. आपल्या गाडीचा कुठला बदल त्यात बसतो ते आधी विचारून घ्यावं.

मोजमाप सांगते. टायरनं सहा मिलिमीटर दिले, शॉकअपनं सीटपाशी वीसेक. आणि तरी टाचा टेकत नव्हत्या! शेवटी सीट कव्हरवाल्याकडं गेले. त्यानं कव्हर उलगडलं, फोम मधून दीड इंच तासला, कडा निमुळत्या केल्या, कव्हर ओढून पिना मारल्या. चाळीस मिनिटं. बाहेर उभी केलेल्या गाडीवर बसले तर दोन्ही टाचा फरशीला. मला हसावं की रडावं कळेना. हे फेब्रुवारीत केलं असतं तर बाकीच्या निम्म्या गोष्टी केल्याच नसत्या. पण त्या रिंगा उन्हात काय दिसतात, म्हणून तेवढं माफ.

हेडलाइट राहिलाच. मागून गाडी खाली गेली की दिव्याचा झोत वर जातो. रंकाळ्यावरून रात्री येताना समोरचे सगळे मला डिपर मारत होते आणि मी त्यांनाच शिव्या घालत होते. कंपाउंडच्या भिंतीसमोर गाडी उभी करून, वर बसून, दिव्याचे बोल्ट सैल करून झोत खाली घ्या. आमच्या समोरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात रोज रात्री उजेड जायचा. आता तो त्यांच्या तुळशीवर पडतो.