केदारकंठा, बर्फ आणि माझा घाम

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना एक माज असतो, मला जरा जास्तच आहे. राजगड-तोरणा एका दिवसात, कळसूबाईला बाकीचे शिडीपाशी दम खातायत तोवर मी वर पोचून लिंबू सरबत पितोय वगैरे वगैरे. उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या ट्रेकसाठी डेहराडूनहून दिवसभर गाडीत हाडं खिळखिळी करून पायथ्याच्या सांकरीला पोचलो तेव्हा कळलं की हे गावच मुळात कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंचावर आहे (कळसूबाई १६४६ मीटर, सांकरी १९०० च्या वर). तरी माज काही उतरला नाही. तो उतरला समिटच्या, म्हणजे शिखर चढायच्या दिवशी.

रात्री दोनला उठवलं. जानेवारी. पाण्याची बाटली उलटी ठेवून झोपा असं गाइड भैजींनी (भैजी म्हणजे तिकडचे दादा) सांगितलं होतं, पाणी वरून गोठतं म्हणून, बाटली उलटी असली की बर्फ बुडाशी धरतो आणि झाकणाकडचं पाणी मोकळं राहतं. मी एक ठेवली उलटी, एक विसरलो. विसरलेली दिवसभर नुसती ओझं म्हणून वागवली.

थंडीच्या भीतीने मी होतं नव्हतं ते सगळं अंगावर चढवून निघालो, दोन थर्मल, फ्लीस, वर जाड जॅकेट, आणि बुटांना स्पाइक्स लावल्या लावल्या सवयीने सुसाट सुटलो. हेडलाइटच्या उजेडात पुढच्याच्या टाचा आणि बर्फाची करकर, बाकी काही नाही. भैजी मागून ओरडले, "भुला (म्हणजे धाकट्या भावा), धीरे! पसीना मत ला!" मला वाटलं काळजीने बोलतायत. आपल्याकडे घाम आला नाही तर तो ट्रेक कसला! पण तासाभराने सगळे पाणी प्यायला थांबले, वारा सुटला, आणि पाठीवरचा ओला बनियन असा काही गार पडला की दात वाजायला लागले, बोटं कळेनात, बॅगेची चेन उघडता येईना. भैजींनी न बोलता माझं एक थर्मल काढायला लावलं, कोरडं घातलं, आणि मला स्वतःच्या मागे दोन नंबरला घेतलं. म्हणाले चढताना थोडी थंडी वाजली पाहिजे, जॅकेट थांबल्यावर घालायचं. मग त्यांच्या पावलात पाऊल ठेवत, गोगलगायीच्या चालीने. शेवटचा चढ तर दहा पावलं आणि थांबा, दहा पावलं आणि थांबा.

वर पोचलो तेव्हा उजाडत होतं. १२,५०० फूट. दगडांची छोटी जागा, त्रिशूळ, महादेव. समोर स्वर्गारोहिणी आधी गुलाबी मग एकदम सोनेरी, पलीकडे बंदरपूंछ, काळानाग, सगळी बर्फाची शिखरं. फोटो काढायला फोन काढला तर ४० टक्के बॅटरी असलेला फोन थंडीने बंद! आईने दिलेल्या तिळाच्या वड्या इतक्या कडक झालेल्या की गालात धरून बसलो, दोन मिनिटांनी गोड लागायला लागल्या.

ऊन चढलं की बर्फ भुसभुशीत होतो म्हणून फार टेकू दिलं नाही. उतरताना अर्धी वाट बुडावर घसरत आलो, पँटचं जे व्हायचं ते झालं.

कॅम्पवर आल्यावर तो घामाचा थर्मल टेंटच्या दोरीवर टाकला वाळत. सकाळी बघतो तर पापड. हाताला धरून उभा केला तर बाह्या पसरून उभाच राहिला, आणि ग्रुपमधल्या सगळ्यांनी त्याच्याबरोबर फोटो काढले, माझ्याबरोबर एकानेही नाही.