एक पुस्तक, एक अल्बम आणि ऐकण्याची पद्धत

मायकेल अ‍ॅझेराड यांचं ‘अवर बँड कुड बी युवर लाइफ’ (2001) वाचा. 1981 ते 1991 या काळातल्या 13 अमेरिकी इंडी (मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांबाहेर राहून काम करणाऱ्या) बँडची ही हकीकत आहे. प्रत्येक प्रकरण स्वतंत्र आहे, त्यामुळे क्रम पाळायची गरज नाही. सुरुवात ‘मिनटमेन’ या बँडपासून करा, कारण पुस्तकाचं नावच त्यांच्या गाण्यातल्या ओळीवरून आलंय.

प्रकरण संपलं की त्यांचा ‘डबल निकल्स ऑन द डाइम’ (1984) लावा. चाळीसहून जास्त गाणी, बहुतेक दोन मिनिटांच्या आसपासची. सलग ऐकलं तर पंधराव्या गाण्यानंतर सगळं एकसारखं वाटू लागतं आणि लोक अल्बम सोडून देतात. तसं करू नका! मूळ रेकॉर्ड चार बाजूंची, म्हणजे दोन तबकड्यांची आहे. पहिल्या तीन बाजूंची गाणी बँडच्या तिघांनी एकेक बाजू वाटून घेऊन निवडली. म्हणून एका वेळी एकच बाजू, साधारण वीस मिनिटं, आणि शफल बंद. बाजू कुठे संपते ते मूळ रेकॉर्डच्या यादीवरून बघा. सीडीत मावावं म्हणून पुढे काही गाणी गाळली गेली, त्यामुळे गाण्यांचे क्रमांक जुळत नाहीत.

फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका. इथे गिटार मुद्दाम पातळ, टोकदार ठेवलीय आणि गाण्याचा भार बेसवर आहे. छोट्या स्पीकरमध्ये बेस गायब होतो, उरते नुसती किरकिर. साधे वायरचे हेडफोनही पुरतात.