ताई, नवीन नोकरीत बाळंतपणाची पगारी रजा मिळेल का?

मी पगारपत्रकं करते. नागपूरजवळच्या हिंगणा आणि बुटीबोरीच्या एमआयडीसीतले काही लहान कारखाने, मिहानकडची काही ऑफिसं. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलेबी घेऊन पुढे सरकला की शेजारची मुलगी हळूच विचारते, "ताई, मला दिवस गेलेत आणि दुसरीकडून ऑफर आलीय. गेले तर रजा बुडेल का?" परवा एका वाचक मैत्रिणीनेही हेच विचारलं, म्हणून एकदाचं सविस्तर लिहिते.

उत्तर द्यायच्या आधी मला तीन गोष्टी लागतात: डॉक्टरांनी दिलेली बाळंतपणाची तारीख, नवीन जागी रुजू व्हायची तारीख आणि नवीन पगार. किती वर्षं नोकरी केली हे बहुतेक जणी आपणहून सांगतात. त्याचा इथे फारसा उपयोग नाही. एका ठिकाणी सात वर्षं घासलेली असो की सात महिने, तुमचं मागचं पुण्य नवीन मालकाच्या खात्यात जमा होत नाही.

कायदा असा आहे. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत, ज्या मालकाकडे रजा मागायची त्याच्याकडे किमान ८० दिवस प्रत्यक्ष काम झालेलं हवं. तेवढं झालं की २६ आठवडे पगारी रजा, त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी. दोन किंवा जास्त मुलं आधीच असतील तर १२ आठवडे. २६ चा आकडा २०१७ च्या दुरुस्तीतून आला, त्याआधी बाराच होते. १९६१ च्या जुन्या मातृत्व लाभ कायद्याची जागा आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, पण ८० आणि २६ तिथेही तेच. प्रोबेशनवर आहात म्हणून रजा नाही, हे एचआरचं आवडतं वाक्य. कायद्यात प्रोबेशनची अट कुठेही नाही. अट फक्त ८० दिवसांची.

आता हे ८० दिवस म्हणजे नेमकं काय, इथे सगळ्यांची गफलत होते. लोक म्हणतात, "हात्तिच्या, अडीच महिने तर." अडीच महिने होत नाहीत. पाच दिवसांचा आठवडा असेल तर ८० दिवसांना १६ आठवडे लागतात, सहा दिवसांचा असेल तर साडेतेराच्या आसपास. भरपगारी सणाची सुट्टी मोजली जाते. उलट्यांमुळे घरी बसून काढलेल्या बिनपगारी दिवसांवर मात्र भरवसा ठेवू नका.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीतली एक सून हेच मोजायला माझ्याकडे आली होती. स्वयंपाकघराच्या दारामागचं कालनिर्णय काढून ओट्यावर पसरलं. डॉक्टरांच्या तारखेवर तिने लाल पेनने गोल केला आणि तिथून उलटं मोजत रविवार-शनिवार सोडून प्रत्येक दिवसावर टिंब देत गेली. मागे मागे जाता जाता पानं उलटली, सासूबाईंनी लिहून ठेवलेली गॅस सिलिंडरची तारीख टिंबांखाली गेली. ऐंशीवं टिंब पडलं ते चोविसाव्या आठवड्यात. बाळंतपण चाळिसाव्या आठवड्यात धरतात, त्यातून १६ वजा. म्हणजे चोविसाव्या आठवड्यापर्यंत रुजू झाली आणि शेवटच्या दिवसापर्यंत ऑफिसला गेली, तर कसेबसे ८० भरणार. आधीचे आठ आठवडे घरी बसायचं असेल तर सोळाव्या आठवड्यातच रुजू व्हायला हवं. ती तेव्हा दहाव्या आठवड्यात होती आणि जुन्या कंपनीचा नोटीस पीरियड तीन महिन्यांचा!

खरा चोर हा नोटीस पीरियड आहे. ऑफर लेटरची तारीख धरून काही होत नाही, हजेरी लागेल त्या दिवसापासून मोजणी. जुन्या ठिकाणी नव्वद दिवस घालवले की नवीन ठिकाणचे ऐंशी भरायला वेळ उरत नाही. तिने नवीन कंपनीकडून नोटिशीचे पैसे भरून घेतले आणि चौदाव्या आठवड्यात रुजू झाली. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे: आधीचे आठ आठवडे ही कमाल मर्यादा आहे, सक्ती नाही. तब्येत साथ देत असेल तर उशिरा रजेवर जा, उरलेले सगळे आठवडे बाळंतपणानंतर घेता येतात. अर्थात मे महिन्यात नवव्या महिन्याच्या बाईने सीताबर्डीहून खापरीपर्यंत रोज जावं असं मी कुणाला सांगणार नाही. ८० दिवस कागदावर चांगले दिसतात, नागपूरच्या उन्हात नाही.

रजेतला पगार किती, तर रजेवर जायच्या आधीच्या तीन महिन्यांच्या पगाराची रोजची सरासरी. नवीन पगार जास्त असेल तर फायदाच.

हे झालं मोठ्या पगारवाल्यांचं. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या बायकांचा मामला वेगळा, आणि माझ्या मते बराच बरा. पगारपत्रकातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो, ती ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची वर्गणी. इथे मोजणी मालकाच्या नावावर न होता तुमच्या विमा क्रमांकावर होते. अट ७० दिवसांच्या वर्गणीची, लागोपाठच्या दोन वर्गणी-कालावधींत मिळून. हे कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे ठरलेले. समजा बाळंतपण ऑगस्टमध्ये आहे. तर त्यासाठी मागच्या एप्रिलपासून या मार्चपर्यंतची वर्गणी बघतात. तुम्ही मे महिन्यात बुटीबोरीचा एक कारखाना सोडून दुसऱ्यात गेलात तरी काही बिघडत नाही, कारण ७० दिवस जुन्या कारखान्यानेच भरून ठेवलेत. पैसे महामंडळ थेट तुमच्या खात्यात टाकतं, मालकाच्या खिशातून जात नाहीत. त्यामुळे त्याचं तोंडही वाकडं होत नाही.

एकच सांभाळा. नवीन ठिकाणी रुजू होताना जुना विमा क्रमांक द्या. "नवीनच काढून घेऊ, सोपं पडतं" असं ऑफिसातला पोरगा म्हणेल. ऐकू नका. नवीन क्रमांक म्हणजे पुन्हा शून्यातून वर्गणी.

खरी पंचाईत होते ती १९,००० वरून २४,००० वर जाणारीची. पगारवाढीचे पेढे वाटून होतात आणि मग लक्षात येतं की ईएसआयची मर्यादा ओलांडली, आता मालकाकडचे ८० दिवस शून्यापासून मोजायचे. अशा वेळी जुन्या वर्गणीवर काय मिळतं हे गणेशपेठेतल्या पंचदीप भवनात, ईएसआयच्या कार्यालयात, क्रमांक दाखवून विचारा, आणि ते राजीनामा देण्याआधी विचारा.

धंतोलीतला चार माणसांचा दवाखाना किंवा बर्डीवरचं छोटं दुकान असेल, तर मालकावरची २६ आठवड्यांच्या रजेची सक्ती दहा माणसांपासून पुढे सुरू होते. खाली सगळं मालकिणीच्या मनावर.

मुलाखतीत सांगायचं का? सांगायलाच हवं असा कायदा नाही. डिसेंबर २०२१ च्या शेवटी स्टेट बँकेने तीन महिन्यांहून जास्त गरोदर उमेदवारांना तात्पुरतं अपात्र ठरवणारा नियम काढला होता, गदारोळ झाला आणि जानेवारी २०२२ मध्येच तो थांबवावा लागला. मी स्वतः सांगते की ऑफर हातात येईपर्यंत गप्प राहा, आणि रुजू झाल्यावर फार लांबवू नका. सोबत काम करणाऱ्यांना तयारीला वेळ मिळतो. माझी सासू याला लबाडी म्हणते. म्हणू दे.

आता राजीनाम्याचं. स्वखुशीने राजीनामा दिलात तर जुन्या कंपनीकडे मागण्यासारखं फारसं उरत नाही. कंपनीने गरोदरपणात काढून टाकलं तर गोष्ट उलटी: काढलं नसतं तर जो लाभ मिळाला असता, तो काढल्याने बुडत नाही. म्हणूनच कंपन्यांना तुमची सही हवी असते. एका मुलीने मला असा कागद दाखवला होता. "कौटुंबिक कारणास्तव" इथपर्यंत टाइप करून तयार, तारखेची जागा कोरी, खाली तिचं नाव. तिने सही केली नाही, पर्समध्ये घालून घरी आणला. पुढे तिला रजा मिळाली ती त्या न केलेल्या सहीमुळे.

करारावर असलेल्यांनीही घाबरू नये. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका डॉक्टरच्या प्रकरणात सांगितलं की अट पूर्ण झालेली असेल, तर करार मध्येच संपला तरी लाभ पुढे चालू राहतो.

रजेचा अर्ज लेखी द्या. डॉक्टरांचा दाखला, रजा सुरू होण्याची तारीख आणि पैसे कुणाच्या खात्यात जावेत हे त्यात असू द्या. व्हॉट्सॲपवर एचआरने होकाराचा अंगठा पाठवला म्हणजे मंजुरी झाली असं धरू नका. मालक टाळाटाळ करू लागला तर सिव्हिल लाइन्सला कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार देता येते. दोन प्रती न्या, एकीवर आवकचा शिक्का मारून घ्या, आणि जेवणाच्या सुट्टीआधी पोचा.