तुम्ही विचारलंत म्हणून: कॉलेजचा बँड डायरेक्टर नेमकं करतो काय?

अमेरिकेतल्या मराठी घरांतून हा प्रश्न हमखास येतो. लेक शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतेय, अकरावीत आल्यावर म्हणते, "मला कॉलेजचा बँड डायरेक्टर व्हायचंय." मग आईबाबा विचारतात: हे पूर्णवेळ काम आहे का? छडी हलवण्यापलीकडे त्यात असतं काय? आणि शिकायचं कुठे?

पूर्णवेळ आहे. चक्क प्राध्यापकी आहे, आणि छडी हलवणं हा तिच्यातला सगळ्यात लहान भाग. आधीचं ऐकणं आणि आखणं मोठं.

मुळात या नोकरीत दोन बँड असतात: मैदानावर चालत वाजवणारा मार्चिंग बँड आणि सभागृहात बसून वाजवणारा. 1862च्या मॉरिल कायद्याने सरकारी जमिनीच्या पैशांवर कॉलेजं निघाली, तिथे लष्करी कवायत शिकवणं आलं, कवायतीला बँड आला. पुढे तोच बँड फुटबॉलच्या मैदानावर गेला. सभागृहातल्या बँडला आजचं रूप द्यायला 1952 साल मोठं: फ्रेडरिक फेनेलनी रॉचेस्टरच्या ईस्टमन स्कूल या संगीतशाळेत विंड एन्सेम्बल, म्हणजे मुख्यतः फुंकवाद्यांचा आटोपशीर बँड, सुरू केलं, ज्यात साधारणपणे एका पार्टला एकच वादक. छोट्या कॉलेजात मैदान आणि सभागृह दोन्ही एकाच माणसाकडे. मोठ्या विद्यापीठात मुख्य डायरेक्टर सभागृह सांभाळतो, आणि मार्चिंग बँड त्याच्या हाताखालच्याकडे असतो.

मैदानाचं गणित साधं दिसतं: 5 यार्डांत 8 पावलं, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं. घोळ होतो आवाजाच्या वेगाने. मागच्या ओळीतला वादक पुढच्यापासून 50 मीटरवर असेल, तर त्याचा सूर पुढे पोचायला सेकंदाचा सुमारे सातवा भाग लागतो. मिनिटाला 160 मात्रांची लय असेल तर एक मात्रा 0.375 सेकंदांची. म्हणजे जवळजवळ दोन-पंचमांश मात्रा गेली! पुढची नवीन मुलं ड्रम मेजरच्या (समोर उभं राहून हाताने लय दाखवणाऱ्या विद्यार्थ्याच्या) हाताकडे बघून इमानदारीत मात्रेवर वाजवतात, आणि नेमकी तीच प्रेक्षकांच्या स्टँडमध्ये बसलेल्यांना घाईत वाटतात. उपाय असा: ड्रमलाइन, म्हणजे ड्रमवाल्यांची तुकडी, मागे, मध्यावर ठेवायची. ड्रम मेजरने तिच्या पायांवरून लय धरायची. पुढच्यांनी हाताकडे न बघता मागून येणाऱ्या आवाजाबरोबर वाजवायचं. मागून निघालेला आवाज पुढे येता येता सगळ्यांना सोबत घेतो आणि श्रोत्यांपर्यंत एकत्र पोचतो. पण ड्रिल (कोणी कधी कुठे चालायचं याचा आराखडा) लिहितानाच ट्युबा, म्हणजे खर्जातली मोठी पितळी वाद्यं, एका कोपऱ्यात आणि ड्रम दुसऱ्या कोपऱ्यात टाकले, तर कितीही रिहर्सल करा, जुळत नाही. ती चूक वादकांची नाही, कागदाची.

नोव्हेंबरची थंडी ही दुसरी डोकेदुखी. नळीतली हवा एक अंश सेल्सिअसने गार झाली की सूर साधारण 3 सेंट उतरतो (100 सेंट म्हणजे एक अर्धस्वर). फुंकरीने लहान वाद्यं लवकर गरम होतात, ट्युबा होत नाही, आणि ग्लॉकनस्पीलच्या धातूच्या पट्ट्या उलट किंचित चढतात. म्हणून खोलीत जुळवलेला सूर मैदानावर कुचकामी. बाहेर जाऊन, दहा मिनिटं वाजवून, मगच जुळवायचं.

सभागृहात खरा कस लागतो. स्कोअरच्या (सगळ्या वाद्यांच्या एकत्र स्वरलिपीच्या) एका पानावर पंचवीस-तीस ओळी, आणि लिहिलेला सी प्रत्येकाचा निराळा वाजतो: क्लॅरिनेटचा बी-फ्लॅट, आल्टो सॅक्सोफोनचा ई-फ्लॅट, हॉर्नचा एफ. पहिल्या रिहर्सलआधी हे सगळं मनात वाजलं पाहिजे, आणि कुठे काय बिघडेल याच्या खुणा पेन्सिलने झालेल्या असाव्यात. ट्रम्पेटवर पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह एकत्र दाबला की सूर चढतो. तिसरी स्लाइड (सरकणारी नळी) थोडी बाहेर सरकवली नाही तर पूर्ण कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा मेळ, खराब. मेजर कॉर्डमधला तिसरा स्वर तर ट्यूनरवर हिरवा दिवा लागला तरी चढाच ऐकू येतो, कारण कानाला तो सुमारे 14 सेंट खाली हवा असतो. तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तोच हा. तंबोऱ्यासोबत गायलेल्या मुलांना इथे काही समजावून सांगावं लागत नाही. जुळवायचा क्रम ठरलेला: आधी ट्युबा, त्यावर पाचवा स्वर, आणि तिसरा सगळ्यात शेवटी, हलक्या आवाजात.

बाकी कागदपत्रं. गाजलेलं गाणं बँडसाठी बसवायचं तर विद्यापीठाचं वादनाचं लायसन्स पुरत नाही. अरेंजमेंट करण्याची परवानगी प्रकाशकाकडून वेगळी घ्यावी लागते, उत्तराला आठवडे लागतात. म्हणून शरदातले कार्यक्रम वसंतातच ठरतात. बास्केटबॉलचे सामने, वाद्यांची दुरुस्ती, शाळांमध्ये जाऊन मुलं हेरणं, हेही आहेच. शनिवार-रविवार आपले नसतात, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आता शिक्षण. म्युझिक एज्युकेशनची पदवी चार वर्षांची, कधी साडेचार. तिच्यात प्रत्येक वाद्य निदान नवशिक्याला शिकवता येईल इतपत हातात यावं लागतं. एक सेमिस्टर शाळेत विद्यार्थी-शिक्षक म्हणून, बहुधा बिनपगारी. मग राज्याचं लायसन्स, आणि काही वर्षं शाळेची नोकरी. ही वर्षं टाळायची घाई करू नका. कॉलेजं अनुभव विचारतात आणि त्यांचं बरोबर आहे. मग कंडक्टिंगमधली मास्टर्स, दोन वर्षांची, पुढे डॉक्टरेट. या जागा एका विद्यापीठात वर्षाला एखाद-दोनच निघतात. असिस्टंटशिप, म्हणजे शिकता शिकता विभागात मदतनिसाचं काम, मिळाली तर फी सहसा माफ होते आणि थोडा स्टायपेंडही मिळतो. अर्जासोबत व्हिडिओ लागतो, आणि कॅमेरा वादकांच्या बाजूला हवा. पाठमोरं चित्रण कोणी बघत नाही.

भारतात ही वाट जवळजवळ नाहीच. फुंकवाद्यांच्या बँडचं पद्धतशीर शिक्षण इथे मुख्यतः लष्कराचं, पचमढीला.

तुमची लेक अकरावीत असेल तर आत्ता दोन गोष्टी कराव्यात: पियानो सुरू करावा, आणि क्लॅरिनेट वाजवत असेल तर ट्रम्पेट किंवा ट्रॉम्बोन, म्हणजे दुसऱ्या घराण्यातलं एखादं वाद्य उचलावं. शाळेच्या डायरेक्टरना विचारून आठ-दहा क्लॅरिनेटवाल्यांची एखादी सेक्शनल, म्हणजे एकाच वाद्याच्या गटाची वेगळी रिहर्सल, तिनेच घ्यावी. कोण खाली जातंय ते तिला ऐकू आलं, आणि कारणही सांगता आलं, तर फॉर्म भरायला हरकत नाही.