तुम्ही विचारलंत म्हणून: दसऱ्यापर्यंत का थांबले नाहीत?

"तीन आठवडे कळ काढली असती तर निम्मे पैसे वाचले असते की नाही? मग?"

आमच्या नेब्रास्का विद्यापीठाने आपल्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या कोचला स्वस्तात काढता येण्याच्या तीन आठवडे आधीच काढलं. तेव्हापासून, म्हणजे सप्टेंबर २०२२ पासून, मला हा प्रश्न विचारला जातोय. कोल्हापूरहून दाजी विचारतात. ओमाहातल्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभं असताना विचारतात. कॅलिफोर्नियातल्या माझ्या मित्राला टचडाउन आणि फील्ड गोल यातला फरक कळत नाही, पण तोही विचारतो, कारण पैशाचा आकडा सगळ्यांनाच कळतो. मी अमेरिकेत नेब्रास्कातल्या लिंकनला राहतो, इथल्याच विद्यापीठात शिकलो, दरवर्षी सीझन तिकीट काढतो, म्हणजे जणू नेब्रास्का विद्यापीठाचा खजिनदार मीच. तर एकदाच लिहून टाकतो. यापुढे विचारणाऱ्याला हेच पाठवीन.

हिशेब तुम्हाला पाठच आहे. स्कॉट फ्रॉस्ट या फुटबॉल कोचला ११ सप्टेंबर २०२२ ला काढलं. त्या तारखेला काढल्यामुळे त्याला दीड कोटी डॉलरच्या आसपास द्यावे लागले. १ ऑक्टोबर उजाडू दिला असता तर तोच आकडा ७५ लाखांवर येणार होता. वरचे ७५ लाख म्हणजे तेव्हाच्या भावाने साठेक कोटी रुपये. बातमी कळल्यावर दाजींचा फोन आला तो असा: "काय पावनं, पितृपक्षात कुणी असले निर्णय घेतं व्हय? दसऱ्यापर्यंत थांबायचं की." मुहूर्त त्यांनी अचूक काढला होता. त्या वर्षी दसरा ५ ऑक्टोबरला होता.

आधी एक सांगतो. हा पैसा करदात्याचा नव्हता. नेब्रास्काचा क्रीडा विभाग तिकिटं, टीव्हीचे हक्क आणि देणगीदार यांच्यावर चालतो. प्राध्यापकांच्या पगारातून कोचचा हिशेब चुकता होत नाही. हे मी दरवेळी तावातावाने सांगतो, आणि सांगताना मलाच जाणवतं की हे उत्तर अपुरं आहे. खिसा वेगळा असला तरी सदरा एकच. देणगीदाराने फुटबॉलला दिलेला डॉलर ग्रंथालयाला दिला असता का? बहुतेक नसता. पण "बहुतेक" या शब्दावर मी किती वर्षं तग धरणार?

तुम्ही २०२२ बद्दल विचारता आणि माझं उत्तर २००३ पासून सुरू होतं. इथेच लोक जांभई देतात, पण त्याला इलाज नाही. जुने कोच टॉम ऑस्बोर्न यांच्यानंतर आलेला कोच फ्रँक सोलिच सहा वर्षांत ५८ सामने जिंकला, १९ हरला. २००३ साली ९ विजय आणि ३ पराभव खात्यावर असताना ॲथलेटिक डिरेक्टर, म्हणजे क्रीडा विभागाचे प्रमुख, स्टीव्ह पेडरसन यांनी त्याला घरी पाठवलं. आपला संघ सामान्यपणाकडे घसरू देणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्याच वर्षी संघ जिंकण्यापेक्षा जास्त सामने हरला. १९६१ नंतर पहिल्यांदा. २००७ मध्ये पेडरसनच गेले. मग कोच म्हणून बो पेलिनी आला. सात वर्षं, दरवर्षी ९ किंवा १० विजय. त्यालाही २०१४ मध्ये नारळ दिला, कारण नऊ पुरेसे नव्हते आणि त्याची जीभ फार चालत होती. त्यानंतर नऊ विजय इथे एकदाच बघायला मिळाले, २०१६ मध्ये.

नऊ जिंकणाऱ्या दोघांना काढून हात पोळलेल्या विद्यापीठाने काय शिकायचं? ते शिकले की काढायची घाई करू नये. आणि तो धडा त्यांनी नेमका अशा माणसावर वापरला जो तीन जिंकत होता.

फ्रॉस्ट आमचा होता, हेही खरं. वूड रिव्हर नावाच्या छोट्या गावातला पोरगा, आई-वडील दोघंही फुटबॉलचे कोच. मी १९९७ च्या ऑगस्टमध्ये इथे एमएस करायला आलो तेव्हा तोच क्वार्टरबॅक होता, म्हणजे चेंडू फेकून संघाचं आक्रमण चालवणारा. पेठेतल्या फुटबॉलवर वाढलेला मी, शाहू स्टेडियमच्या भिंतीवर चढून सामने पाहिलेला. हातात धरून पळायच्या या खेळाला फुटबॉल म्हणायला सुरुवातीला जीभ रेटत नव्हती. पण त्या नोव्हेंबरात मिझुरीविरुद्ध शेवटच्या क्षणी त्याचा पास एकाच्या अंगावरून उडाला, पायाने वर उसळला आणि जमिनीला टेकायच्या आत दुसऱ्याने झेलला. सामना वाचला, संघ पुढे विजेतेपदापर्यंत गेला आणि माझी जीभही सैल झाली. तोच माणूस वीस वर्षांनी सेंट्रल फ्लोरिडाचा संघ एकही सामना न हरता चालवून कोच म्हणून घरी परतला: सात वर्षांचा करार, साडेतीन कोटी डॉलर. तेव्हा लिंकनमध्ये कोणाच्याही डोक्यात बायआउट, म्हणजे मुदतीआधी काढलं तर कोचला द्यायची रक्कम, नव्हता.

नोव्हेंबर २०१९ मध्ये, दोन सीझनमध्ये जिंकण्यापेक्षा जास्त हरलेल्या या कोचचा करार त्या वेळचे डिरेक्टर बिल मूस यांनी आणखी दोन वर्षांनी वाढवून २०२६ पर्यंत नेला. हे मला आजतागायत उलगडलेलं नाही. दुसरं कोणी त्याला पळवायला टपलेलं नव्हतं. दाजी, तुमचा प्रश्न खरं तर या दिवसाबद्दल असायला हवा. पण करार वाढवला ही बातमी कोणी लक्षात ठेवत नाही, काढला एवढीच ठेवतात.

आता २०२१. तीन जिंकले, नऊ हरले. हरलेले नऊच्या नऊ सामने एक आकडी फरकाने. सगळ्या सीझनचे गुण मोजले तर आम्ही दिल्यापेक्षा जास्त केले होते. नवे डिरेक्टर ट्रेव्ह अल्बर्ट्स स्वतः इथले जुने खेळाडू. त्यांनी नोव्हेंबरमध्ये मधला मार्ग काढला: फ्रॉस्टला ठेवायचं, पगार ५० लाखांवरून ४० लाख, आक्रमण फळीचे चार सहाय्यक कोच बाहेर, आणि बायआउट १ ऑक्टोबर २०२२ पासून निम्मा.

त्या नोव्हेंबरातला मी या तोडग्यावर खूश होतो. आमची ही तेव्हाच म्हणाली होती, "ज्याला काढायचं आहे त्याला काढा, ज्याला ठेवायचं आहे त्याला ठेवा. हे काय नवीन?" मी तिला गुणांचा फरक समजावून सांगितला होता. आजचा मी त्या माणसाला म्हणतो: अरे, नऊ वेळा शेवटच्या घटकेला हरणं याला नशीब म्हणत नाहीत. अशा अटीतटीच्या सामन्यांत फ्रॉस्ट इथे एकूण ५ जिंकला आणि २२ हरला. तो मला उलट विचारतो: मग सोलिचला काढलं तेव्हा काय मिळवलंत? आणि मी गप्प बसतो. तो गप्प बसत नाही. तो म्हणतो, कोच बदलण्यासाठी आकडे बघायचे नाहीत, तर काय पंचांग बघायचं? हा वाद आमच्यात अजून चालू आहे आणि कोणीच हरायला तयार नाही.

त्या तोडग्यात तारीख होती, हा खरा घोळ. कोल्हापूरकडे साखर कारखान्याच्या संचालक मंडळाला नकोसा झालेला एमडी जसा "पुढच्या सभेपर्यंत" ठेवतात, तसं झालं. पुढच्या सभेपर्यंत त्याचं कोणी ऐकत नाही, आणि त्याला घरीही जाता येत नाही. १ ऑक्टोबर ही तारीख खेळाडूंना माहीत होती, ज्यांना आम्ही संघात ओढू पाहत होतो त्या शाळकरी पोरांच्या आई-बापांना माहीत होती, रेडिओवर रोज त्यावर चर्चा होती. अल्बर्ट्सच्या वर चॅन्सेलर, त्यांच्या वर विद्यापीठाचे अध्यक्ष, सगळ्यांच्या वर लोकांनी मतं देऊन निवडलेले रीजंट. इतक्या लोकांच्या संमतीने एक दिवस ठरवला गेला, ज्याच्या आधी हरणं महाग आणि नंतर हरणं स्वस्त.

ऑगस्टच्या शेवटी डब्लिनला नॉर्थवेस्टर्नविरुद्ध २८-१७ अशी आघाडी असताना फ्रॉस्टने ऑनसाइड किक मारायला लावली, म्हणजे चेंडू आपल्यालाच परत मिळावा म्हणून मुद्दाम जवळ मारायची जोखमीची किक. चेंडू त्यांनी उचलला आणि आम्ही ३१-२८ हरलो. (त्या दिवशी स्टेडियमची कार्डयंत्रं बंद पडल्याने बिअर फुकट वाटली. डब्लिनला गेलेल्यांची तेवढीच कमाई.) आणि मग १० सप्टेंबर.

समोर जॉर्जिया सदर्न. फुटबॉलमधलं छोटं नाव, असे संघ पैसे मोजून बोलवायचे असतात, मोठ्या विद्यापीठाने सहज जिंकावं म्हणून. संध्याकाळचा सामना. पहिल्या गुणांनंतर लाल फुगे सोडायची इथली जुनी पद्धत, ती त्या वर्षी हेलियमच्या टंचाईमुळे बंद होती. माझ्या शेजारच्या दोन सीट इथल्याच यॉर्क गावाकडच्या एका शेतकरी आजोबांच्या आहेत, मका आणि सोयाबीनवाले. आजी हल्ली येत नाहीत, त्यांच्या सीटवर आजोबा रन्झाची (मांस-कोबी भरलेल्या इथल्या पावाची) पिशवी आणि कोट ठेवतात. कानात रेडिओची वायर. समोर चाललेला सामना ते रेडिओवर ऐकत बघतात, कारण रेडिओवाला तरी आपला माणूस आहे, असं ते म्हणतात.

तीन मिनिटं उरली असताना आम्ही ४२-३८ पुढे गेलो. सगळे उभे. आजोबा मात्र बसूनच राहिले. मी खाली पाहिलं तर ते बोटांनी आमचे शिल्लक टाइमआउट मोजत होते. समोरच्यांनी ७५ यार्ड इतक्या निवांतपणे कापले की वाटावं सराव चाललाय. कोणी अंगावर गेलं तरी एक पाऊल उशिरा. ३६ सेकंद उरले असताना त्यांचा क्वार्टरबॅक स्वतः चेंडू घेऊन आत शिरला. ४५-४२. त्या रात्री त्यांनी एकूण ६४२ यार्ड काढले. या मैदानावर ३५ किंवा त्याहून जास्त गुण करून नेब्रास्का कधीच हरलं नव्हतं. दोनशेहून जास्त सामने, एकदाही नाही. शेवटी ५२ यार्डांवरून फील्ड गोलचा, म्हणजे चेंडू लाथेने खांबांमधून मारायचा, प्रयत्न झाला, तो चुकला. हुर्यो उडाली, पण मी अपेक्षा केली होती तेवढी नाही. लोक जिने उतरायला लागले होते.

इथे पाहुण्या संघालाही टाळ्या वाजवून निरोप द्यायची रीत आहे. आजोबा उभे राहिले आणि त्यांनी त्या पोरांसाठी टाळ्या वाजवल्या. मग कानातली वायर काढली, रेडिओभोवती गुंडाळली आणि मला म्हणाले, "ओक्लाहोमाच्या सामन्याची आमची दोन तिकिटं तुम्हाला हवीत का? पैसे नकोत."

ओक्लाहोमा! पुढच्या शनिवारचा पाहुणा, इथल्या दोन पिढ्यांचा सर्वांत जुना दुष्मन. या स्टेडियमची तिकिटं १९६२ पासून प्रत्येक सामन्याला संपत आली आहेत, आणि अलीकडे ती परंपरा टिकवायला देणगीदारांना उरलेली तिकिटं विकत घ्यावी लागत होती. त्यात हा माणूस ओक्लाहोमाचं तिकीट फुकट देत होता. मी काहीतरी पुटपुटलो. त्यांनी विषय बदलून माझ्या मुलीच्या शाळेची चौकशी केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फ्रॉस्टला काढल्याची बातमी आली तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही, ते एवढ्यासाठी.

आता तुमच्या बाजूने बोलतो. ११ सप्टेंबर ते १ ऑक्टोबर या काळात सामना एकच होता, तोच ओक्लाहोमाचा. पुढच्या आठवड्यात सुट्टी. म्हणजे ७५ लाख डॉलर मोजून विद्यापीठाने एका सामन्यापुरता कोच बदलला, आणि तो सामनाही ४९-१४ हरला. दाजी, हे तुम्हाला माहीत नव्हतं, आता माझ्या पैशांवर हसा. तरीही मी म्हणेन की थांबले असते तर त्या तीन आठवड्यांत विद्यापीठाने उघडपणे कबूल केलं असतं की मैदानावर पोरं खेळतायत ती हिशेबनिसासाठी. अल्बर्ट्सनी मोडली ती त्यांचीच तारीख होती. मोडण्यात शहाणपणा होता असं मला वाटतं. लिहिण्यात नव्हता. पण लिहिली नसती तर २०२१ मध्येच पूर्ण रकमेत काढावं लागलं असतं, हेही दिसतं. मग पैसे वाचले कुठे? माझ्याकडून बेरीज जुळत नाही.

आणखी एक. त्या रात्री समोरच्या बाजूला कोच होता क्ले हेल्टन. सदर्न कॅलिफोर्नियाने त्याला २०१८ च्या वाईट सीझननंतर ठेवलं, २०१९ नंतर नवे डिरेक्टर येऊनही ठेवलं, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये सीझनचे दोन सामने झाल्यावर काढलं. म्हणजे आमच्या बरोबर एक वर्ष आधी, आमच्यासारखंच. विद्यापीठं एकमेकांचे पेपर कॉपी करतात ते असे. तो निदान दुसरीकडे जाऊन मोकळा झाला आणि आमच्या घरी येऊन जिंकून गेला.

अल्बर्ट्स २०२४ मध्ये टेक्सस ए अँड एमला गेले. त्याच विद्यापीठाने आदल्या वर्षी जिम्बो फिशरला घरी बसवायला साडेसात कोटी डॉलरहून जास्त कबूल केले होते, तेव्हा आमचे दीड कोटी चिल्लर वाटायला लागले. फ्रॉस्ट सेंट्रल फ्लोरिडाला परतला. आमच्याकडे आता कोच मॅट रूल आहे. २०२५ च्या सप्टेंबरात विद्यापीठाने २ कोटी ७५ लाख डॉलरची तूट भरण्यासाठी सांख्यिकीसह काही विभाग बंद करण्याचा प्रस्ताव मांडला, आणि ऑक्टोबर संपायच्या आत रूलचा करार २०३२ पर्यंत वाढवला. ही बातमी मी दाजींना कळवली नव्हती. त्यांना ती कुठून तरी मिळालीच. "खिसा वेगळा आहे," मी म्हणालो. ते म्हणाले, "बरं. पण ह्याला काढायचा झाला तर दसऱ्याच्या आधी का नंतर, ते आत्ताच विचारून ठेवा."